माहीत नसण्याची नोकरी

तिला पगार मिळायचा तो काही माहीत नसण्याचा. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. तिच्या नवऱ्यालाही वाटली होती. लग्न झाल्यापासून तो बायकोला "तुला काहीच कसं माहीत नसतं गं?" असं ऐकवत आला, आणि एके दिवशी नेमक्या त्याच गुणावर तिला नोकरी लागली. बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हे प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. हल्ली कुठंही फोन करा, पलीकडे माणूस नसतो, एआय एजंट असतो. बोलायला गोड, ऐकायला तत्पर, कंटाळा नावाला नाही. पण त्याला हातपाय नाहीत. मग कंपनी त्याला टूल्स देते. एक टूल गाडी पाठवतं, एक तारीख बदलतं, एक पावती काढतं. कुठलं टूल कधी उचलायचं हे एजंट कशावरून ठरवतो? तर टूलबरोबर लिहून दिलेल्या चार ओळींच्या वर्णनावरून. बस्स, तेवढंच. आणि त्या चार ओळी लिहिणारा बहुतेक वेळा जेवायला उशीर झालेला कुणीतरी असतो. पुढं सगळा आनंदीआनंद.

म्हणून ती जिथं काम करायची ती कंपनी निघाली. दुसऱ्यांच्या टूल्सची वर्णनं तपासायची, गुण द्यायचे, नापास झाली तर परत धाडायची. तिथली पद्धत मोठी गमतीची होती. एजंटाच्या हाती पडण्याआधी वर्णन एका कोऱ्या वाचकापुढं ठेवत. कोरा वाचक म्हणजे त्या धंद्यातलं ओ की ठो न कळणारा माणूस. त्यानं फक्त समोरचं वाचायचं आणि सांगायचं, यावरून मी काय करीन, कधी करीन, कधी अजिबात करणार नाही. जिथं त्याला मनानं भर घालावी लागेल तिथं लाल खूण. कारण एजंटही कोराच. गोदाम कसं दिसतं, तिकीटखिडकीवरच्या बाई काय विचारतात, काहीच त्याला माहीत नाही. लिहिलेलं आहे तेवढंच जग.

कोरं राहणं वाटतं तितकं सोपं नाही. कानांवर पडतंच काही ना काही. म्हणून तिचं जेवणाचं टेबल वेगळं, जिन्याखाली, एका कुंडीतल्या रोपाशेजारी. बाकीचे मोठ्या टेबलावर कामाच्या गप्पा मारत आणि ती जवळून गेली की एकदम गप्प होत. नवीन आलेल्यांना वाटे, हिनं काहीतरी भानगड केलेली दिसते. सगळे तिला 'कोरीताई' म्हणत. तिलाही ते आवडायचं, उगीच खोटं कशाला बोला.

आणि बाई कामात पक्की होती. एकदा एका पोहण्याच्या तलावाचं टूल आलं. वर्णन असं: 'दिलेल्या तारखेचे पास रद्द करते. सभासद क्रमांक ऐच्छिक.' तिनं विचारलं, "क्रमांकाची जागा रिकामी सोडली तर?"

टूल लिहिणारा तरुण हसला. "रिकामी कोण सोडेल?"

"मी सोडेन. ऐच्छिक म्हणालात ना?"

त्यानं करून पाहिलं. त्या दिवसाचे सगळ्यांचेच पास रद्द झाले. नशीब, चाचणीच होती. दुसऱ्या एका टूलचं नाव होतं 'नोंद सुधारणे' आणि वर्णन होतं 'नोंद सुधारते.' त्यावर तिनं शेरा मारला, 'पाणी म्हणजे काय, तर पाणी.' हा शेरा कचेरीत बरेच दिवस फिरला.

घरी मात्र तिच्या कोरेपणाला कुणी भीक घालत नसे. घरात सासूबाई होत्या. फुप्फुसं थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, कॉटशेजारी माणसाच्या छातीएवढा उंच सिलिंडर. फुप्फुसं थकली होती, जीभ नव्हे. नळी लावून त्या दिवसभर खिडकीतून रस्त्यावरच्यांची झाडाझडती घेत. सिलिंडरला त्या 'माझा गडी' म्हणत. कॉटखाली एक छोटा सिलिंडरही होता, दवाखान्यात जाताना बरोबर न्यायचा. त्याचा त्यांना भारी राग. "तो घेऊन हिंडायचं म्हणजे कुत्रं फिरवल्यासारखं," असं म्हणायच्या.

गड्याचा काटा खाली आला की सून फोन करायची. फोनवरच्या बाई ओळखीच्या झालेल्या. मग गोदामाचे गाडीवालेकाका भरलेला सिलिंडर घेऊन यायचे, चपला बाहेर काढायचे, नवा बसवायचे, चावी फिरवायचे, काटा वर गेला की सासूबाईंना अंगठा दाखवायचे आणि मगच जुना गडगडवत न्यायचे. सासूबाई त्यांना दर वेळी "लवकर मरत नाही म्हणून कंटाळलास ना रे?" असं विचारायच्या, आणि ते दर वेळी "तुमच्यावरच तर पोट आहे माझं, आजी" म्हणायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

तर एके सकाळी तिच्या पडद्यावर नवीन काम आलं. घरी ऑक्सिजन पुरवणारीच कंपनी. फोनवरच्या बाईंच्या जागी एजंट बसवायचा होता आणि त्याच्या टूल्सची वर्णनं तपासायला आली होती.

नियम स्पष्ट होता. ग्राहकाच्या कामाची आधीपासून माहिती असेल तर हात वर करायचा आणि काम दुसऱ्या कोऱ्या वाचकाकडं द्यायचं. हा दुसरा कोरा वरच्या मजल्यावर बसे, पूर्वी शिंपीकाम करायचा, माणूस चांगला पण घाईचा. तिनं हात वर केला नाही. तिला भीती वाटली, दुसरं काही नाही. आईंच्या श्वासाचा प्रश्न, आणि तो कुणा घाईच्या माणसाच्या हाती द्यायचा? त्यापेक्षा आपण डोळ्यांत तेल घालून वाचू. आपल्याइतकं कळकळीनं कोण वाचणार? असा तिनं हिशेब केला, आणि तसा तो कुणीही केला असता.

वाचलंही तिनं मन लावून. 'पत्ता बदलणे' या टूलला तिनं सरळ नापास केलं. 'सिलिंडर मागवणे' यात कुठल्या आकाराचा ते सांगितलं नव्हतं, तिथं लाल खूण. मग आलं 'सिलिंडर परत नेणे.' वर्णन होतं: 'ग्राहकाच्या घरचा सिलिंडर गोदामात परत आणण्यासाठी गाडी पाठवते.'

तिनं वाचलं आणि तिच्या डोळ्यांसमोर गाडीवालेकाका उभे राहिले. बाहेर काढलेल्या चपला, चावी, वर सरकणारा काटा, अंगठा, आणि मग जिन्यावरून रिकामा सिलिंडर उतरवल्याचा आवाज. सगळं लख्ख. अडखळायला जागाच नव्हती. तिनं शेरा लिहिला, 'अगदी स्पष्ट', आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढं एजंटाची लुटुपुटूची चाचणी झाली. खोटा ग्राहक म्हणाला, सिलिंडर संपत आलाय, बदलून द्या. एजंटानं एक मागवला, एक परत न्यायला सांगितला. दोन्ही नोंदी बरोबर. चाचणीत खऱ्या गाड्या नसतात, त्यामुळं कुठली आधी पोचली हे कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. वर्णनं पास झाली, एजंट कामाला लागला.

तिची सुट्टी होती त्या दिवसाची गोष्ट. आदल्या दिवशी तिनंच फोन केला होता. एजंटानं आईंच्या तब्येतीची चौकशी केली, सिलिंडर बदलून मिळेल म्हणाला, आभार मानले. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "तुझ्यापेक्षा गोड बोलतो गं." दुपारी घंटा वाजली. दारात गाडीवालेकाका नव्हते, दुसराच माणूस होता. नवीन गाडीवाला, घामाघूम, हातात ढकलगाडी.

"सिलिंडर न्यायला आलोय, ताई."

ती बाजूला झाली. "या ना. भरलेला खाली गाडीत आहे का?"

"भरलेला?" त्यानं फोन काढून पाहिलं. "माझ्याकडं नुसतं न्यायचं आहे. द्यायची गाडी वेगळी. ती येईल तिच्या वेळेनं."

तिनं पास केलेलं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं. त्यात काका नव्हते. चावी नव्हती, काटा नव्हता. भरलेला सिलिंडर तर त्यात कुठंच नव्हता. ते सगळं तिनं घरून नेलं होतं.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "काय म्हणतोय तो? माझा गडी नेतो? त्याला म्हणावं, मलाही ने बरोबर, दोघांचं भाडं एकच लाव."

"आजी, माझं काय आहे त्यात," गाडीवाला वरमून म्हणाला. "ऑर्डर आली, मी आलो. सकाळपासून कुणी एवढं बोललं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांनी तर स्वतः नळी काढून दिली."

सासूबाई उठून बसल्या. "अरे, मग त्यांच्या नाकाला काय लावून आलास?"

"आत असेल ना दुसरा," गाडीवाला म्हणाला. "मला वाटलं, असेल."

"पाहिलास का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. सासूबाईंनी कॉटखाली बोट दाखवलं. "सूनबाई, ते कुत्रं काढ माझं. घे आणि पळ. माझ्याकडं बघत काय उभी राहिलीस, मी मेले नाही अजून!"

छोटा सिलिंडर पोटाशी धरून ती गाडीत चढली. वाटेत तिनं रुग्णवाहिकेला फोन केला, मग कचेरीत, मुख्य बाईंना. या मुख्य बाई मोजकंच बोलणाऱ्या.

"ऑक्सिजनवाल्यांना सांगा," ती म्हणाली, "परत नेण्याचं टूल बंद करा. आत्ताच्या आत्ता. आज जिथं जिथं गाडी जाऊन आली तिथं माणूस पाठवायला सांगा."

"कुठलं टूल?"

"मी पैकीच्या पैकी दिले होते ते."

"तुमच्या घरी त्यांचाच सिलिंडर येतो का?"

"हो."

"आधीपासून?"

"हो," ती म्हणाली. गाडीवाला समोर बघून गाडी हाकत होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

मास्तर पहिल्या मजल्यावर एकटे राहत. दार नुसतं लोटलेलं होतं. ते खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळसर, खांद्यांनी श्वास ओढत होते. सदरा गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पाहुणे आलेले पाहून ते उठायला गेले. तिनं त्यांना धरून बसवलं, नळी जोडली, चावी फिरवली. सासूबाईंच्या उशाशी हे तिनं कितीदा तरी केलं होतं. गाडीवाला दाराशीच उभा राहिला, एखाद्या नापास मुलासारखा.

थोड्या वेळानं मास्तरांच्या ओठांवर रंग आला. बोलता यायला लागल्यावर ते पहिल्यांदा "आभारी आहे" म्हणाले. मग थांबत थांबत म्हणाले, "विचारावंसं वाटलं होतं... दुसरा कधी येणार म्हणून. पण कंपनीचा माणूस. म्हटलं, त्यांना माहीत असणारच."

तिला रडू फुटलं. मास्तरांना वाटलं, बाई घाबरल्या असतील, आणि ते तिचीच समजूत घालू लागले. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून पाहिलं, आकडा वर येईपर्यंत बसून राहिले आणि जाताना एवढंच म्हणाले की अजून जरा उशीर झाला असता तर कठीण होतं. तोवर गोदामातून मोठा सिलिंडर आला. बाकीच्या घरांतही माणसं पोचली. बाकी घरांत कुणीतरी भांडणारं होतं, किंवा कपाटात जास्तीचा सिलिंडर होता. भिडेखातर मुकाट्यानं नळी काढून देणारे मास्तर एकटेच निघाले.

घरी संध्याकाळी नवा गडी जोडून झाल्यावर सासूबाईंचा दरबार भरला. शेजारीण, वरच्या मजल्यावरचं जोडपं, नवरा, सगळ्यांना त्या सांगत होत्या, मी कसं त्याला रोखलं, मी कसं विचारलं नाकाला काय लावलंस. दर खेपेला गोष्ट जरा वाढत होती. नवरा म्हणाला, "आई, तू नसतीस तर काय झालं असतं!" ती चहाचे कप विसळत होती. सांगावंसं वाटत होतं आणि सांगवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्य बाईंनी तिला बोलावलं. आरडाओरडा नाही, भाषण नाही. त्या म्हणाल्या, "चाचणीतही सापडायला हवं होतं, ते आम्ही बघू. पण तुम्ही त्या दिवशी हात वर करायला हवा होता."

"मला वाटलं, मला माहीत आहे म्हणून मी जास्त नीट वाचीन."

"वरच्या मजल्यावर पाठवलं कालच," बाई म्हणाल्या आणि पडदा तिच्याकडं फिरवला.

तेच वाक्य. त्याच्यापुढं शिंपीदादांचा शेरा, त्यांच्या घाईच्या पद्धतीनं: 'कुठला सिलिंडर? भरलेला की रिकामा? पेशंट लावून बसला असेल तर? आधी दुसरा द्यायचा का? काही कळत नाही. नापास.'

तिनं ते दोनदा वाचलं. घाईचा माणूस, घाईनं वाचलं, आणि सगळं विचारलं. तिला स्वतःची अशी शरम वाटली की बोलायची सोय नाही.

नवीन वर्णन तिनंच लिहावं असं ठरलं. आता ती कोरी नव्हती, माहीतगार होती, आणि माहीतगारानं लिहायचं, कोऱ्यानं वाचायचं, हीच तर पद्धत. तिनं सकाळभर बसून लिहिलं: 'वापरून रिकामा झालेला सिलिंडर परत आणण्यासाठी गाडी पाठवते. भरलेला सिलिंडर घरी पोचून जोडला गेल्याची नोंद झाल्यावरच वापरावे. तशी नोंद नसेल तर हे टूल वापरू नये. वापरल्यास रुग्णाला लावलेला घरातला एकमेव सिलिंडर काढला जाऊ शकतो.' शिंपीदादांनी त्यातही एक लाल खूण केलीच. नोंद कोण करणार, असं विचारलं होतं. तिनं मुकाट्यानं दुरुस्ती केली. त्या दुपारी ती जिन्याखालच्या टेबलावर गेली नाही. मोठ्या टेबलावर कुणीतरी सरकून जागा दिली आणि तिला पाहून कुणी गप्प झालं नाही. डबा तिला गोड लागला नाही.

घरी आली तेव्हा नवरा आला नव्हता. सासूबाई खिडकीशी होत्या. ती कॉटच्या कडेला बसली.

"आई, ते टूल माझ्याकडंच आलं होतं तपासायला. मीच पास केलं."

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "तुला माहीत नव्हतं का, आधी भरलेला येतो म्हणून?"

"माहीत होतं. म्हणून तर दिसलं नाही, लिहिलेलं नाही ते."

सासूबाईंनी नाकावरची नळी सारखी केली. नळीचा बारीक फस्स् आवाज तेवढा येत होता.

"वाचताना मी डोळ्यांसमोर होते का?"

"तुम्हीच होतात."

"आणि ते मास्तर?"

"ते नव्हते."

सासूबाईंनी मान रस्त्याकडं फिरवली. काल दरबारात सांगितलेली गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही.

ती उठली. "छोटा सिलिंडर त्यांच्याकडंच राहिलाय. उद्या जाऊन आणते."

"आणू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तिथंच राहू दे त्यांच्याजवळ. ते काही भांडायचे नाहीत."